हौदभर ऊन पाणी आणि सासूबाईंचा गुडघा

सासूबाईंचा नवा गुडघा सत्तर अंशांच्या आसपास येऊन अडला आणि तिथून पुढे सरकायला तयार होईना. सोमवारी हाडांच्या डॉक्टरांनी त्यावर कोन मोजायची पट्टी लावली, चष्म्याच्या वरून आधी गुडघ्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. गुडघा माझा नव्हता, पण वाईट बातमी घरातल्या पुरुषाकडे बघून सांगायची त्यांची पद्धत असावी.

"शुक्रवारी पुन्हा मोजू. नव्वद झाले तर उत्तम. नाही झाले तर शनिवारी भूल देऊन मीच वाकवून देतो."

अडकलेला ड्रॉवर उघडून द्यावा तसं ते 'वाकवून देतो' म्हणाले.

सासूबाईंनी नुसती पर्स उचलली. या बाई टॅक्सीवाल्याला रस्ता शिकवतात, वाण्याला वजन शिकवतात, आणि मला, लग्न झाल्यापासून, उरलेलं सगळं. त्या दिवशी टॅक्सीवाला चक्क लांबच्या रस्त्याने गेला, तरी त्या खिडकीबाहेर बघत गप्प बसून राहिल्या.

कारण होतं. महिन्यापूर्वी गुडघा बदलला, त्याची भूल उतरली तेव्हा त्यांनी अख्खा दिवस माझ्या बायकोला ओळखलंच नव्हतं. स्वतःच्या कधीच गेलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारून तिला विचारत होत्या, "शाळा किती वाजता सुटते गं?" नंतर कुणीतरी ही गंमत म्हणून सांगितली तेव्हा त्या सगळ्यांबरोबर हसल्या. पण तेव्हापासून रोज सकाळी डोळे उघडले की त्या पडल्या पडल्या घरातल्या सगळ्यांची नावं एकेक करून पुटपुटतात. मी दाराआडून ऐकलं आहे. माझं नाव दूधवाल्याच्या नंतर येतं. पण येतं.

घरी आल्यावर त्या लेकीला म्हणाल्या, "पुन्हा भूल नको. पाय ताठ राहिला तर राहू दे. डोकं माझं मला पाहिजे."

ताठ पायाचा माणूस घरात कसा वावरतो, हे आम्ही महिनाभर पाहत होतो. खुर्चीत बसल्या की पाय समोर फळीसारखा, आणि त्याच्यावरून घरातला प्रत्येक जण उडी मारून जायचा. व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी जिना चढायला-उतरायला सांगितलं होतं. आम्ही राहतो सगळ्यात वरच्या मजल्यावर. खाली जायला लिफ्ट, आणि वर फक्त गच्ची. "वर कुठे जायचंय मला?" असं विचारून सासूबाईंनी तो विषय मिटवला होता.

"गुडघा बिघडलेला नाही," त्या बाई सोमवारी संध्याकाळी म्हणाल्या. "दुखेल म्हणून आजी भितात, आणि भीतीने स्नायू आवळून धरतात. गुडघ्याच्या वर येईल इतक्या ऊन पाण्यात बसवा. तेहेतीस अंश. स्नायू आपोआप सोडतील. पण गार पाणी नको हं, गार पाण्यात जास्तच आवळतील."

म्हणजे त्या आठवड्यात आमच्या घरात दोन प्रकारचे अंश झाले: पाण्याचे तेहेतीस आणि गुडघ्याचे नव्वद. पहिले जमले तर दुसरे जमणार, आणि दोन्हींसाठी मुदत शुक्रवारची.

बाईंनी सार्वजनिक जलतरण तलावाचं नाव सुचवलं होतं. तिथे वयस्कर मंडळींसाठी गरम पाण्याचा वेगळा हौद आहे. मंगळवारी मी ऑफिसला दांडी मारून तिथे गेलो.

"गरम पाण्याचा हौद चालू आहे का?"

"हौद चालू आहे," खिडकीतला कारकून म्हणाला. "पाणी गार आहे."

"गरम कधी होईल?"

"बॉयलर बंद आहे. बॉयलर वीजखात्याचा. पाणी आरोग्यखात्याचं. हौद आमचा."

"आणि पाणी तापवायचं काम कुणाचं?"

त्याने खरोखर विचार केला. प्रामाणिक माणूस होता. "ते कुणाचंच नाही," तो म्हणाला. "उष्णता कुठल्याच खात्यात बसत नाही."

माझं सगळं आयुष्य हिशेब तपासण्यात गेलं आहे. जी गोष्ट कुठल्याच खात्यात बसत नाही, तिची वाट बघता बघता माणसं निवृत्त होतात, हे मला कुणी सांगायला नको. मी त्याचे आभार मानले आणि घरी येऊन, बूट न काढता, एक वाक्य बोललो. "त्यात काय एवढं? पाणी तर तापवायचंय. मी तापवतो."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. भिंतीला खिळा ठोकायला मी हातोडी घेतो तेव्हा ती असंच बघते.

आमच्या न्हाणीघरात बादली ठेवली तर माणसाला बाहेर उभं राहावं लागतं, त्यामुळे जागा उरली ती गच्ची. मी खेळण्यांच्या दुकानातून लहान मुलांचा हवा भरायचा हौद आणला. त्याच्यावर पिवळी बदकं छापलेली होती. त्याच्याहून गंभीर हौद दुकानात नव्हता. तो फुगवून होतोय न होतोय तोच सेक्रेटरी वर आले.

आमच्या इमारतीचे सेक्रेटरी आमच्या शेजारच्याच घरात राहतात आणि आयुष्यभर पुलांच्या कामावर होते. त्यामुळे त्यांना कुठल्याही वस्तूचं वजन आधी दिसतं आणि वस्तू नंतर. "पाण्याला वजन असतं," ते म्हणाले.

"असतं," मी कबूल केलं.

"गच्चीखाली माझं घर आहे."

"माझंही आहे."

"तुमचं तुम्ही बघा. मला समितीचा ठराव लागेल. हौद ही तात्पुरती वस्तू आहे की बांधकाम, हे आधी ठरलं पाहिजे."

समितीची बैठक महिनाअखेर होती. माझी बायको मध्ये पडली. तिने सेक्रेटरींना आईच्या मागच्या भुलीची हकीकत सांगितली. ते थोडा वेळ बदकांकडे बघत राहिले. "गुडघ्यापर्यंतच भरा," ते म्हणाले. "आणि कडेला, खांबाच्या वर ठेवा. आणि मी काही पाहिलेलं नाही."

आता वैज्ञानिक भागाकडे वळतो. हौद नळीने भरला. माझी मुलगी बिट्टी सातवीत आहे. तिने शाळेतून विज्ञानाच्या बाईंकडून तापमापक मागून आणला होता. नळाचं पाणी भरलं वीस. मी मनातल्या मनात झटक्यात हिशेब केला. नळाचं वीस, उकळतं शंभर, दोन्हींची सरासरी साठ. म्हणजे हात राखूनच ओतायला हवं, नाहीतर म्हातारीचा पाय भाजायचा.

"सगळे मागे व्हा," मी म्हणालो आणि उकळत्या पाण्याची केटली हौदाच्या कडेकडेने, अगदी औषध घालावं तशी, सावकाश रिकामी केली. मध्येच थांबून वाफ किती येते ते बघत होतो. मग पाणी ढवळून तापमापक घातला.

वीस.

"बिघडलाय," मी म्हणालो.

"बाबा," बिट्टी म्हणाली, "तुम्ही सरासरी कशी काढली?"

"शंभर अधिक वीस भागिले दोन."

"म्हणजे एका केटलीला आणि अख्ख्या हौदाला सारखंच एक मत?"

मी रिकामी केटली खाली ठेवली. ऑफिसात अशी सरासरी कुणी माझ्यासमोर ठेवली असती, तर मी कागद टेबलाच्या टोकापर्यंत परत सरकवला असता, एका बोटाने.

"आमच्या बाई सांगतात," बिट्टी म्हणाली, "तापमान म्हणजे वर्गातला एकेक मुलगा सरासरी किती दंगा करतो ते. औष्णिक ऊर्जा म्हणजे सगळ्या मुलांचा मिळून एकूण दंगा. आणि उष्णता म्हणजे एका वर्गातून दुसऱ्या वर्गात गेलेला दंगा. तुम्ही चार अतिशय वात्रट मुलं आणली आणि ती अख्ख्या गप्प शाळेत सोडली. शाळा थोडीच वात्रट होणार?"

"कालांतराने होते," मी म्हणालो. पण मला कळलं. तापमान म्हणजे दरडोई, ऊर्जा म्हणजे एकूण, आणि उष्णता म्हणजे बदली. इतकी सरळ हिशेबाची गोष्ट शाळेत मला कुणी दंग्याच्या भाषेत सांगितली असती, तर मी विज्ञानात वर आलो असतो.

इतक्यात जिन्यातून टप, खर्रर, टप, खर्रर असा आवाज आला. सासूबाई. कठड्याला धरून, चांगला पाय वरच्या पायरीवर टाकायचा आणि ताठ पाय मागून ओढून घ्यायचा, अशा त्या वर आल्या. त्यांना खुर्चीत बसवून उचलून आणायचा आमचा बेत होता, तो त्यांनी आधीच हाणून पाडला होता. "माझी मिरवणूक काढायची नाही."

"आई, अहो, पाणी तयार झालं की मी बोलावलं असतं."

"तुमचं 'तयार' मला माहीत आहे." त्यांनी कोपर पाण्यात बुडवला. लहान बाळांचं पाणी त्या कोपराने बघत आलेल्या. तापमापकावर त्यांचा विश्वास नाही. "गार," त्या म्हणाल्या आणि टप, खर्रर करत खाली गेल्या.

त्या दिवशी त्या परत दोनदा आल्या. दोन्ही वेळा एकच शब्द बोलून गेल्या.

बुधवारी मी साहेबांना फोन करून रजा मागितली. कारण विचारल्यावर खरं सांगितलं, 'पाणी तापवतोय'. साहेबांनी रजा दिली, पण आवाजात काळजी वाटली.

बुधवारचा नायक, म्हणजे खलनायकच म्हणा, आमचे उपायकाका. ते तळमजल्यावर राहतात. त्यांचं खरं नाव पत्रपेटीवर आहे, पण कोणत्याही अडचणीवर त्यांच्याकडे उपाय असतो आणि प्रत्येक उपायाला लागणारी वस्तू त्यांच्याच माळ्यावर असते, म्हणून उपायकाका. ते पाणी तापवायचे दोन रॉड घेऊन आले.

"केटली म्हणजे चमच्याने विहीर भरणं. हे लावा. दोन तासांत काम. फक्त रॉड चालू असताना पाण्याला कुणी बोट लावायचं नाही."

एवढा एक नियम त्यांनी सांगितला आणि तो आम्ही इतका पाळला, की दोर बांधून हौदाला कुंपण केलं आणि बिट्टीला पहाऱ्यावर बसवलं. गच्चीवर विजेचं बटण एकच होतं. ते कुणाच्या मीटरवर आहे, हे विचारायचं कुणालाच सुचलं नाही.

सुरुवात झकास झाली. तासाभराने काकांनी रॉड बंद केले, दांडीला बांधलेला तापमापक पाण्यात धरला आणि जाहीर केलं, "तेहेतीस!"

खालून ओळखीचा आवाज आला. टप, खर्रर, टप. सासूबाईंनी कोपर घातला. त्यांच्या कपाळावरची आठी सैल होताना मी पाहिली. मग त्यांनी कोपर आणखी खाली नेला.

"वर ऊन. खाली गार. पाय काय मी वर तरंगत ठेवू?"

ऊन पाणी हलकं, ते वर जाऊन बसलं होतं, आणि काकांनी तापमापक बरोबर तिथेच बुडवला होता. ढवळल्यावर आकडा पंचविसाच्या आसपास आला. "हरकत नाही," काका म्हणाले आणि रॉड पुन्हा चालू केले. त्याच क्षणी इमारतीच्या पोटातून एक घुमणारा आवाज आला, थांबला, आणि त्यानंतर कुणीतरी खूप लांबून, एखाद्या डब्यातून बोलल्यासारखं म्हणालं, "कोण आहे रे वर?"

गच्चीवरचं बटण लिफ्टच्या लाइनवर होतं. आणि लिफ्टमध्ये सेक्रेटरी होते.

त्यांना बाहेर काढण्यात दुपार गेली. लिफ्ट दोन मजल्यांच्या मधोमध लटकली होती. दाराच्या फटीतून त्यांचे फक्त बूट दिसत. मी त्या बुटांची मनापासून माफी मागितली. बूट एक पाऊल मागे सरकले. बाहेर आल्यावर त्यांनी दोन हुकूम सोडले. गच्चीवर विजेची एकही वस्तू चालणार नाही. आणि लिफ्ट कंपनीचा माणूस येऊन तपासून जाईपर्यंत लिफ्ट बंद. कंपनीला फोन केला. माणूस शुक्रवारी संध्याकाळी येणार होता. डॉक्टरांची वेळ शुक्रवारी सकाळची.

"म्हणजे आईला खाली कसं न्यायचं?" बायको म्हणाली. "सगळ्यात वरून? इतके जिने?" मी म्हणालो, "बघू." ती म्हणाली, "तुम्ही आता काही बघू नका."

गुरुवारी सकाळी पाणी पुन्हा एकवीस होतं. मी हौदाशेजारी उकिडवा बसलो आणि मला खरंच रडू यायचं बाकी होतं. कालची सगळी उष्णता रात्रीत गेली होती. कुठे गेली? खाली गच्चीच्या फरशीत, वर वाऱ्यात. वरच्या वर कुणी न विचारता वळती करून घेतली होती.

"झाकायला पाहिजे होतं," बिट्टी म्हणाली. "आणि खाली गादी."

"हे काल का नाही सांगितलंस?"

"काल तुम्ही लिफ्टशी बोलत होता."

तेव्हा हौद पुन्हा रिकामा करून, खाली गाद्या घालून, वर रजया पांघरून भरायचा असं ठरलं. गाद्या आमच्या पुरेनात. बिट्टी दारोदार जाऊन विचारून आली, आणि मग जे सुरू झालं ते माझ्या हातात राहिलं नाही. प्रत्येक घरातून गादी आली आणि गादीबरोबर गादीवाला आला. प्रत्येकाचं मत वेगळं. एक म्हणे कापूस बरा, एक म्हणे कागद. एक बाई म्हणाल्या, लोखंडी कठडा हाताला इतका गार लागतो, तो आधी झाका, तोच पाणी गार करतोय. बिट्टीने त्यांना सांगितलं की कठडा आणि ही लाकडी खुर्ची, दोघांचं तापमान एकच आहे. लोखंड तुमच्या हातातली उष्णता भराभर ओढून घेतं, म्हणून गार वाटतं. तापमापक लावून दाखवला. बाईंनी दोन्हींना आळीपाळीने हात लावून पाहिला आणि म्हणाल्या, "आकडा काहीही म्हणू दे. गार ते गार."

सासूबाई सकाळपासून तीन-चारदा वर येऊन गेल्या होत्या. गाद्या नीट घातल्या नाहीत म्हणून एकदा, आमच्या घरातली चांगली रजई कुणी वर आणली हे बघायला एकदा. कोपर, 'गार', खाली. मी इतका गुंतलो होतो की त्यांच्याकडे बघायलाही सवड नव्हती. नुसता आवाज यायचा आणि मी खांदे आखडून घ्यायचो. खरं तर आवाजही धड येत नव्हता. दुपारनंतर त्या एकदम मागे येऊन उभ्या राहत आणि मी दचके.

दुपारी चार वाजता मी हिशेब मांडला, या वेळी सगळ्यांना त्यांच्या वजनाइतकं मत देऊन. दुपारभर उन्हात उघडं ठेवून मग झाकलेलं पाणी चोविसावर आलं होतं. तेहेतीस हवे असतील तर केटल्या नव्हे, पातेली लागणार, आणि ती एकेक करून नव्हे, सगळी एकदम. नाहीतर दुसरं येईपर्यंत पहिल्याचं गेलेलं असणार. उपायकाकांनी जिन्यात उभं राहून हाक दिली. सगळ्या घरांतल्या शेगड्या पेटल्या. काकांनी स्वतःची छोटी गॅसची शेगडी गच्चीवरच मांडली, कारण तळमजल्यावरून आणेपर्यंत पाण्याचा दम जाईल असं त्यांचं म्हणणं.

आणि मग पातेली यायला लागली. फडक्यात धरलेली, वाफाळणारी, मोठी, लहान. जिन्यात "सांभाळून, गरम, गरम" असा एकच ओरडा. मी आधी हौदातलं गार पाणी काढतोय, बिट्टी दांडीने ढवळतेय आणि आकडे म्हणतेय. सव्वीस. अठ्ठावीस. एकोणतीस. एकोणतिसावर अडलं. सगळे श्वास धरून उभे. सेक्रेटरींच्या घरातून काहीच आलेलं नव्हतं, आणि ते दार बंद होतं. मग ते उघडलं आणि सेक्रेटरी, माझ्याकडे न बघता, पाहुण्यांसाठी काढतात तसलं एक भलंमोठं पातेलं घेऊन वर आले, ओतलं, आणि "मी काही पाहिलेलं नाही" असं म्हणून गेले. एकतीस. बत्तीस.

"तेहेतीस," बिट्टी म्हणाली. "वरही, खालीही."

सासूबाई आल्या. माणसं बाजूला झाली. त्यांनी कोपर घातला, तळापर्यंत नेला, तिथे ठेवला.

"हं," त्या म्हणाल्या.

महिनाभरात त्यांच्या तोंडून माझ्या कामाला आलेला हा पहिला 'हं'. त्यांनी लुगडं जरा वर धरलं आणि एक पाय हौदाच्या काठावरून टाकायला उचलला. काठ उंच, तोल जाईल असं मला वाटलं. माझ्या दोन्ही हातांत काकांच्या शेगडीवरून नुकतंच उतरवलेलं शेवटचं पातेलं होतं. जावयाने अशा वेळी काय करावं? हात द्यावा. म्हणून मी पातेलं खाली ठेवलं आणि हात पुढे केला.

पातेलं मी ठेवलं ते हौदाच्या काठावर.

दोन दिवस ज्या शंभर अंशांनी हौदभर पाण्याचं काही वाकडं झालं नव्हतं, त्यांनी त्या कागदासारख्या प्लास्टिकचं काम पापणी लवायच्या आत केलं. आधी सुस्कारा आला, लांब, दमलेल्या माणसासारखा. मग बदकं सुरकुतली. मी पातेलं उचललं, सासूबाईंनी पाय मागे घेतला, आणि काठ सावकाश, आदराने, आमच्यापुढे वाकला. तेहेतीस अंशांचं पाणी, वरही खालीही सारखं, सगळ्यांच्या पावलांवरून गच्चीभर पसरलं आणि पन्हळीतून सेक्रेटरींच्या गॅलरीत गेलं.

मग खालून सेक्रेटरींचा आवाज आला. "पाणी माझ्या गॅलरीत आलंय." थोडं थांबून, जरा खालच्या पट्टीत, "ऊन आहे छान."

दुसरा हौद आणायला दुकान उघडं नव्हतं आणि शेगड्यांना पुन्हा जोर नव्हता. लोकांनी आपापल्या भिजल्या गाद्या उचलल्या. त्या गाद्यांचं पुढे काय झालं ते सांगत नाही. आमच्याशी आता दोनच घरं बोलतात. सासूबाई केव्हा खाली गेल्या, मला कळलंही नाही. रात्री बायकोने हॉस्पिटलची पिशवी भरून दाराशी ठेवली. मी ती बघितली आणि जेवलो नाही.

शुक्रवारी सकाळी खाली टॅक्सी उभी. वर आमच्या घरात उपायकाका, मी, आणि हात असलेली एक भक्कम खुर्ची. काकांनी खुर्चीला दोर बांधले होते. "वळणावर तुम्ही मागे, मी खाली," ते सांगत होते. "पायांकडून आधी." बायको म्हणत होती, "नको, पाठीकडून." आमची यावर चांगली जुंपली असताना बिट्टीने विचारलं, "पण आजी कुठाय?"

न्हाणीघरात नव्हत्या. गच्चीवर नव्हत्या. मी जिन्याच्या कठड्यावरून खाली वाकून पाहिलं. अगदी तळाशी, दाराजवळ, हातात पर्स घेऊन त्या उभ्या होत्या आणि टॅक्सीवाल्याला रस्ता सांगत होत्या.

"आई, तुम्ही खाली कशा गेलात?"

"जिन्याने," त्या वर बघून म्हणाल्या. "लिफ्ट तुम्ही मोडलीत ना?"

दवाखान्यात डॉक्टरांनी पट्टी लावली. सासूबाईंनी डोळे मिटून घेतले आणि ओठ हलायला लागले. त्या नावं म्हणत होत्या. मी माझ्या नावापर्यंत श्वास रोखून धरला.

"चौऱ्याण्णव," डॉक्टर म्हणाले. त्यांनी पुन्हा मोजलं. "चौऱ्याण्णव. भूल वगैरे काही नको. काय केलंत चार दिवसांत?"

माझ्या बायकोने तोंडावर पदर धरला. मी बोलायला तोंड उघडलं, पण सासूबाईंनी डोळे उघडून शांतपणे सांगितलं, "जावयांनी पाणी तापवलं."

"वा," डॉक्टर म्हणाले आणि पहिल्यांदाच चांगली बातमी माझ्याकडे बघून दिली. "किती अंश?"

"तेहेतीस," मी म्हणालो. खोटं नव्हतं.

"पण आजी तर पाण्यात—" बिट्टीने सुरुवात केली, आणि तिचा हात आजीच्या हातात जरा जोरात दाबला गेला असावा, कारण ती तिथेच थांबली. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या नोंदींमधल्या चुका काढत आलो. जिन्याच्या खात्यातली ही जमा चुकून माझ्या नावावर पडलेली मी पाहिली, आणि तशीच राहू दिली.

"मग दुसऱ्या गुडघ्याचं कधी बघायचं?" डॉक्टरांनी विचारलं. हा विषय सासूबाईंनी घरात काढू दिला नव्हता. त्यांनी थोडा विचार केला.

"बघू," त्या म्हणाल्या. "आधी यांना मोठा हौद मिळतो का ते बघू दे."

घरी आलो तेव्हा लिफ्टचा माणूस वेळेआधीच येऊन गेला होता. सेक्रेटरी स्वतः दार उघडून धरून उभे होते, पण आत पाऊल टाकायला मात्र त्यांचं मन होत नव्हतं. सासूबाईंनी लिफ्टकडे एक नजर टाकली आणि जिन्याला लागल्या. एक पाय एका पायरीवर, दुसरा पुढच्या पायरीवर. मी मागून, धापा टाकत.

शेवटच्या वळणावर त्या दमून थांबल्या. मी दोन पायऱ्या पुढे गेलो, वळलो आणि हात दिला.

त्यांनी हाताकडे पाहिलं. मग माझ्या मागे वाकून पाहिलं.

"दुसऱ्या हातात काही नाही ना?"

मी तो हात पुढे करून दाखवला, दोन्ही बाजूंनी. मगच त्यांनी पहिला धरला.